समुद्रावरच्या माणसांचा सत्कार, आमच्या ग्वाल्हेरात

२०२४ च्या २६ जानेवारीला संध्याकाळी, आपल्याकडे परेड बघून, जिलेबी खाऊन सगळे निवांत झाले होते तेव्हा, एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा नावाच्या टँकरवर क्षेपणास्त्र येऊन आदळलं. जहाजावर २३ माणसं, त्यातले २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. पोटात ८४,१४७ टन नाफ्ता. सुएझहून निघालेलं जहाज दक्षिण कोरियात इंचॉनला चाललं होतं आणि त्या माणसांचं कोणाशीही कसलंही भांडण नव्हतं.

मला हे सगळं एवढं नीट माहीत असायचं कारण म्हणजे माझा भाचा, ताईचा मुलगा. तो मर्चंट नेव्हीत आहे, टँकरवरच, मोटरमन म्हणून, म्हणजे इंजिनरूममधे काम करणारा. त्या जहाजावर तो नव्हता, देवाची कृपा, पण ती बातमी आली तेव्हा तो सुट्टीवर घरी होता आणि दोन दिवस त्याचं कशातच लक्ष नव्हतं. फोनवर मित्रांचे मेसेज, कोण कुठल्या जहाजावर आहे, कोण तांबड्या समुद्रातून यायचंय, कोण वळून आफ्रिकेला चक्कर मारून येतंय. ताई सारखी विचारायची, अरे पण नाफ्ता म्हणजे काय, आणि मग त्याने आम्हाला समजावून सांगितलं.

नाफ्ता म्हणजे पेट्रोलच्याच जातीतला, त्याच्यासारखाच पटकन पेटणारा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, खाली साचून राहते आणि सरपटत लांब जाते, ठिणगी मिळाली की तिथून पेट घेते. म्हणून टँकरवर टाक्यांमधे तेलाच्या वरच्या मोकळ्या जागेत इनर्ट गॅस भरून ठेवतात, म्हणजे आत ऑक्सिजन इतका कमी राहतो की आग धरतच नाही. हे सगळं टाकी बंद असेपर्यंत. टाकीला भोक पडलं की हवा आत, गॅस बाहेर, आणि मग तुमच्या पायाखाली जे आहे ते... भाचा इथे थांबला, पुढे काही बोलला नाही.

त्या रात्री डेकच्या वर पाच मीटरपेक्षा उंच ज्वाळा होत्या. उजव्या बाजूची लाइफबोट स्फोटातच गेली. उरलेली एक डाव्या बाजूला, तिच्यापाशी बाकीचे लोक जमून तयार उभे, की सांगितलं की उतरायचं. आणि कॅप्टन अविलाश रावत आणि त्यांचे लोक आगीशी झुंजत होते. डेकवर जे फोमचे मॉनिटर बसवलेले असतात, म्हणजे पाण्याच्या तोफाच म्हणा, ते आणि हातात धरायचे होजपाइप. फोम संपला तर समुद्राचं पाणी मारत राहिले. साडेचार तास. मदतीला कोणी नाही, आणि दुसरं क्षेपणास्त्र येणार नाही याची कोणी गॅरंटी दिलेली नाही.

साडेचार तासांनी जे पहिलं जहाज मदतीला आलं ते युद्धनौका नव्हती, दुसरा एक टँकरच होता, अकिलीस नावाचा. व्यापारी जहाज. त्याच्यावरही साधे खलाशी, तेही पगारी, त्यांच्याही घरी कोणीतरी फोनची वाट बघत असेल. नाफ्त्याने पेटलेल्या जहाजाजवळ, क्षेपणास्त्रं पडतायत अशा पाण्यात, ते गेले. मला या गोष्टीचं फार वाटतं आणि बातम्यांमधे ते एका ओळीत निघून गेलं. नंतर फ्रान्सची अल्सास आणि अमेरिकेची कार्नी या युद्धनौका आल्या, त्यांनी फोम दिला, तरी आग हटेना. जाणकारांचं मत पडलं की आता जहाज सोडून द्यावं. मग २७ तारखेला आपली आयएनएस विशाखापट्टणम पोचली, मुंबईच्या माझगाव डॉकमधे बांधलेली, तिच्यावरचं आग विझवणारं पथक टँकरवर चढलं, आणि दोन्हीकडच्या माणसांनी मिळून, क्षेपणास्त्र आदळल्यानंतर साधारण २४ तासांनी आग विझवली. जहाजाच्या अंगाला पडलेलं भोकही बुजवलं आणि मार्लिन लुआंडा सुरक्षित जागी गेलं. सगळे २३ जण जिवंत.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, कॅप्टन रावत आणि त्यांच्या सगळ्या क्रूला समुद्रावरच्या असामान्य शौर्याचा पुरस्कार दिला, आणि विशाखापट्टणमचे कॅप्टन ब्रिजेश नंबियार आणि त्यांच्या लोकांना प्रशस्तिपत्र. लंडनला कार्यक्रम झाला. फार आनंदाची गोष्ट आहे. पण मी ती बातमी वाचत बसले तेव्हा मला पंपमनबद्दल वाचायचं होतं. बोसनबद्दल, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाबद्दल. त्या कुकबद्दल, जो लाइफबोटीपाशी उभा होता की होजवर होता ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

भाच्याला मी हेच विचारलं, की अशा वेळी कुक काय करतो. तो म्हणाला, मावशी, जहाजावर मस्टर लिस्ट असते, भिंतीवर लावलेली, त्यात प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेलं असतं की अलार्म झाला की कुठे जायचं आणि काय करायचं. कुकसुद्धा त्यात, मेसमनसुद्धा. कोणी स्ट्रेचर आणायचं, कोणी होज पसरायचा, कोणी पंप चालू करायचा. दर महिन्याला ड्रिल. झोपेतून उठवूनही करतात. फायर सूट घालायचा, पाठीवर हवेचं सिलेंडर, तोंडावर मास्क, हातात होज, आणि सिलेंडर साधारण अर्धा तास पुरतं, जोरात श्वास घेतला तर त्याच्याही आधी संपतं. संपत आलं की शिट्टी वाजते. ती शिट्टी वाजली की बाहेर यायचंच, आतमधे काहीही राहिलेलं असो.

हे तो जनकगंजात ताईच्या स्वयंपाकघरात बसून सांगत होता, जोरजोरात, कारण इंजिनरूममधे जनरेटरच्या आवाजात राहून त्याला मोठ्याने बोलायची सवय लागलीय आणि घरी आल्यावर पहिले काही दिवस ती जात नाही. त्याच्या नखांच्या कडांमधे काळी रेघ असते. ताई लिंबू लावून घासते, तो म्हणतो आई राहू दे गं, परत तेच होणार आहे. मग त्याने फोम कसा मारतात ते दाखवलं. पेटलेल्या तेलावर थेट धार मारायची नाही, त्याने तेल उसळतं आणि आग पसरते. समोरच्या उभ्या पत्र्यावर मारायचा, म्हणजे तो आपोआप ओघळत खाली येतो आणि दुधावर साय धरते तसा तेलावर पसरतो, मग हवा तुटते. गॅसवर खरंच दूध ठेवलेलं होतं, त्याकडे बघतच तो हे बोलला. आणि मग म्हणाला की हे ड्रिलमधे सोपं असतं, कारण समोर खरी आग नसते आणि हात थरथरत नाहीत.

आमच्या ग्वाल्हेरात फौजी माणूस सगळ्यांना कळतो. मुरारला छावणी आहे, टेकनपूरला बीएसएफची अकादमी, महाराजपुऱ्याला एअरफोर्स स्टेशन. कोणाचा मुलगा सैन्यात गेला की मोहल्ल्यात पेढे वाटतात, आणि वाटावेतच. पण मर्चंट नेव्ही म्हटलं की पहिला प्रश्न, नेव्हीत आहे ना? नाही म्हटलं की दुसरा, पगार डॉलरमधे ना? आणि तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. यात लोकांचा दोष आहे असं मला वाटत नाही. समुद्रच बघितलेला नसतो. इथून मुंबई रेल्वेने हजार किलोमीटरच्या वर, आणि आमच्यापैकी बऱ्याच जणांचा समुद्राशी संबंध म्हणजे पंजाब मेलने मुंबईला लग्नाला जायचं आणि एक संध्याकाळ चौपाटीवर जायचं, एवढाच. पाणी म्हणजे तिघऱ्याच्या धरणाचं, ते नळाला कधी येणार एवढी आमची चर्चा.

आणि तरीही या शहराचं समुद्राशी एक असं नातं आहे की जे मला कळलं तेव्हा मी कितीतरी जणांना फोन करकरून सांगितलं. ५ एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन असतो, १९६४ पासून पाळतात. तो ५ एप्रिल का, तर १९१९ साली त्या दिवशी एसएस लॉयल्टी नावाचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं, सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं, आपल्या लोकांच्या मालकीचं. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी ही कंपनी काढली, त्यातले वालचंद तर सोलापूरचे. ते जहाज त्यांनी घेतलं कोणाकडून? ग्वाल्हेरच्या महाराजांकडून. कंपनीच्या नावातलं सिंधिया म्हणजे आमचे शिंदेच.

आणि त्याच्या आधी ते जहाज काय करत होतं ते ऐका. मुळात ते एम्प्रेस ऑफ इंडिया, १८९१ चं, कॅनडाच्या कंपनीचं प्रवासी जहाज. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, १९१४ साली, माधवराव महाराजांच्या पुढाकाराने ते घेतलं गेलं आणि जखमी भारतीय सैनिकांसाठी हॉस्पिटल शिप म्हणून तयार केलं. तेव्हा त्याला लॉयल्टी नाव मिळालं. म्हणजे मुंबई ते लंडन हा जो प्रवास आपण साजरा करतो, त्या जहाजाचं आधीचं काम माणसं वाचवण्याचं होतं. आणि हे पहिल्यांदा नव्हतं, त्याच्या आधी १९०० च्या सुमाराला चीनच्या मोहिमेच्या वेळीही याच महाराजांनी स्वखर्चाने एक हॉस्पिटल शिप दिलं होतं, त्याचं नावच ग्वालियर.

जयविलास राजवाड्यात पाहुणे आले की आपण त्यांना चांदीची रेल्वे दाखवतो, जेवणाच्या टेबलावरून फिरणारी. दाखवावी, सुंदरच आहे. पण त्या जखमींना पाणी पाजणाऱ्या, त्यांच्या पट्ट्या बदलणाऱ्या, बॉयलरमधे कोळसा टाकणाऱ्या माणसांबद्दल आपण एक वाक्यही बोलत नाही. त्या काळच्या जहाजांवर खालची कामं करणारे खलाशी, आगवाले, सारंग, हे बहुतेक आपल्याच देशातले असायचे. त्यांची नावं शोधायला गेलं तर काय हाती लागेल देव जाणे.

तर या सगळ्यातून माझ्या मनात आलं की आपल्या मंडळाने ५ एप्रिलला कार्यक्रम करावा. आमच्याकडे सत्कार भरपूर होतात. दहावी-बारावीच्या मुलांचे, रिटायर होणाऱ्यांचे, गाण्यातल्या लोकांचे तर अर्थातच, हे तानसेनाचं गाव आहे. शाल, श्रीफळ, दोन शब्द, मग चहा आणि कचोरी. मी मीटिंगमधे म्हटलं की आपल्या शहरातली जी मुलं जहाजावर आहेत त्यांना बोलवूया, सुट्टीवर असतील ते येतील, नसतील त्यांच्या आईवडिलांना बोलवूया. आणि सोबत पुराच्या वेळी लोकांना काढणारे जे आपल्याकडचे जवान आहेत, एसडीईआरएफचे म्हणजे राज्याच्या आपत्ती बचाव दलाचे, होमगार्डचे, फायर ब्रिगेडचे, त्यांनाही. कारण काम एकच आहे.

आमचे एक ज्येष्ठ काका आहेत, फार चांगले गृहस्थ, मंडळाचं सगळं त्यांनीच उभं केलंय. ते म्हणाले, अगं पण हे लोक पगारासाठी जातात, सैनिकाची गोष्ट वेगळी, यांचा कसला सत्कार. प्रश्न सरळ होता आणि बऱ्याच जणांच्या मनात तोच असणार. मी त्यांना म्हटलं, काका, तुमचं बरोबर आहे, ते पगारासाठीच जातात. पण पगार असतो जहाज इकडून तिकडे न्यायचा. आग लागलेल्या दुसऱ्याच्या जहाजाजवळ जायचा वेगळा पगार कोणी देत नाही.

मग मी त्यांना कॅप्टन राधिका मेनन यांची गोष्ट सांगितली, ती मला कधीही, कोणालाही सांगायला आवडते. २०१५ चा जून, बंगालचा उपसागर. दुर्गाम्मा नावाची मासेमारीची बोट, तिच्यावर सात जण, सगळ्यात लहान १५ वर्षांचा, सगळ्यात मोठा पन्नाशीचा. इंजिन बंद पडलेलं, नांगर तुटून गेलेला, खायचं-प्यायचं सगळं लाटांनी धुऊन नेलेलं. मासे ठेवायला जो बर्फ असतो तो चोखून दिवस काढत होते. घरच्यांनी तर आशाच सोडलेली. शिपिंग कॉर्पोरेशनचा संपूर्ण स्वराज्य नावाचा टँकर ओडिशाच्या गोपालपूरजवळून चालला होता, त्याच्या सेकंड ऑफिसरला अडीच किलोमीटरवर ती बोट दिसली. २५ फुटांहून उंच लाटा, साठ नॉटच्या वर वारा, धो धो पाऊस. मेनन जहाजाच्या कॅप्टन होत्या. त्यांनी जहाज वळवलं.

आता भला मोठा टँकर वळवून एका छोट्याशा होडीच्या शेजारी अशा समुद्रात नेऊन उभा करणं म्हणजे काय, तर होडी जहाजाच्या अंगावर आपटून फुटू शकते, दोराच्या शिडीवर चढणारा माणूस दोघांच्या मधे सापडू शकतो. पहिला प्रयत्न फसला, दुसरा फसला. तिसऱ्याला जमलं, पायलट लॅडरने, म्हणजे त्या दोराच्या शिडीने, सातही जण वर आले. पुढच्या वर्षी आयएमओचा तोच शौर्य पुरस्कार त्यांना मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

काका म्हणाले, पण कायदाच आहे ना तसा. हो, आहे. टायटॅनिक १९१२ ला बुडालं, त्यानंतर १९१४ ला सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, पुढे तो सुधारत गेला, आणि त्यात स्पष्ट आहे की समुद्रात कोणी संकटात आहे असं कळलं तर कॅप्टनने पूर्ण वेगाने तिकडे जायचं, तो कुठल्या देशाचा आहे, कोण आहे, हे बघायचं नाही. पण त्याच नियमात हेही आहे की जाणं शक्य नसेल किंवा परिस्थितीच अशी असेल की जाणं योग्य वाटत नसेल, तर कॅप्टनने लॉगबुकमधे कारण लिहायचं आणि पुढे जायचं. साठ नॉटचा वारा हे कारण कोणीही मान्य केलं असतं. दोनदा प्रयत्न फसले हे तर कोणीही मान्य केलं असतं. एक ओळ लिहायची होती फक्त. ती ओळ त्यांनी लिहिली नाही, तिसऱ्यांदा जहाज वळवलं, आणि सत्कार त्याचा असतो असं मला वाटतं. कर्तव्य जिथे संपलं असं कायदाही म्हणाला असता, त्याच्या पुढचं जे आहे त्याचा.

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, त्या सेकंड ऑफिसरचं नाव काय? मला माहीत नव्हतं. पण त्यांनी तो प्रश्न विचारला याचा मला फार आनंद झाला.

कारण माझं म्हणणं तेच आहे. वाचवणं ही एका माणसाची गोष्ट नसतेच. अडीच किलोमीटरवर पावसात कोणीतरी दुर्बिणीतून बघत होतं म्हणून सगळं पुढचं झालं. शिडी कोणीतरी बांधली. लाइफ जॅकेट कोणीतरी खाली सोडलं. वर आलेल्या माणसाला कोरडे कपडे आणि काहीतरी गरम कोणीतरी दिलं, आणि जहाजावर तो कोणीतरी म्हणजे कुकच. पुरस्कार एकाच्या हातात द्यावा लागतो हे मला समजतं, स्टेजवर तेवीस जण उभे करता येत नाहीत. आपल्या गल्लीत मात्र करता येतात.

आणि जमिनीवर बसलेले लोकही आहेत. पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासला निघालेलं अल पिरानपीर नावाचं गलबत ४ डिसेंबर २०२४ ला खवळलेल्या समुद्रात पाणी शिरून बुडालं. बारा खलाशी छोट्या डिंगीत. संकटाचा निरोप मुंबईला तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्रात आला. जागा अशी की ती पाकिस्तानच्या शोध-बचाव हद्दीत येते. मग इकडच्या केंद्राने तिकडच्या केंद्राशी बोलणं केलं, पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा संस्थेने शोधाला मदत केली, आणि आपल्या तटरक्षक दलाच्या सार्थक जहाजाने बाराही जणांना द्वारकेच्या पश्चिमेला साधारण २७० किलोमीटरवरून उचलून आणलं. दोन देशांचे संबंध तेव्हा कसे होते ते सगळ्यांना माहीत आहे. पण रेडिओ ऐकणाऱ्या माणसाने आधी पोझिशन विचारली, माणसं किती विचारलं. त्या टेबलावर बसणाऱ्याला कोण शाल घालणार? मला तर वाटतं त्याला पहिली घालावी.

आमच्याकडे समुद्र नाही पण २०२१ चा ऑगस्ट इथे कोण विसरलंय. ग्वाल्हेर, दतिया, शिवपुरी, श्योपूर, भिंड, सगळीकडे पाणी. दतियाकडे सिंध नदीवरचे पूल वाहून गेले. सैन्य आलं, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली, एनडीआरएफ, एसडीईआरएफ. माझ्याकडे कामाला येतात त्या बाईंचं माहेर डबऱ्याच्या पुढे आहे, त्यांचे आईवडील रात्रभर छतावर होते. सकाळी बोट आली. बोटीतल्या जवानाने आधी म्हातारीला उचललं, मग वडिलांना, आणि मग वडील हलेनात म्हणून परत वर जाऊन बकरीलाही खांद्यावर घेऊन आला. बाई दर पावसाळ्यात हे सांगतात. त्या जवानाचं नाव त्यांना माहीत नाही, कुठून आला होता तेही नाही, फक्त त्याच्या कोपराला खरचटून रक्त आलं होतं आणि वडिलांनी त्याच्यावर आपला गमछा बांधला, एवढं त्यांना आठवतं. सत्कार झालाच तो, एका अर्थाने.

भाच्याला मी कार्यक्रमाचं सांगितलं तेव्हा त्याला बरं वाटलं, पण तो गंभीर होऊन एक गोष्ट म्हणाला जी मी इथे लिहिणारच आहे. म्हणाला, मावशी, शाल घाला, आई खूश होईल, पण लोकांना हेही सांगा की कोविडमधे काय झालं. २०२०-२१ मधे जगभर एका वेळी चार लाखांच्या आसपास खलाशी जहाजांवर अडकून पडले होते, करार संपला तरी उतरू देत नव्हते, कारण बरेच देश आपल्या बंदरात माणूस उतरवून घ्यायला तयार नव्हते. नियमाने एका वेळी वर्षाच्या आत घरी पाठवायलाच हवं, काही जण त्याच्याही पुढे गेले. आणि त्या काळात आपल्या घरात गॅस येत होता, औषधं येत होती, तेल येत होतं. तेव्हा बाल्कनीत उभं राहून टाळ्या वाजल्या, डॉक्टर-नर्स यांच्यासाठी, योग्यच होतं ते. पण समुद्रावरच्यांची आठवण कोणाला आली नाही.

आणि मालक जहाज टाकून पळून जातात हेही आहे. इंधन नाही, खाणं नाही, महिनोन्महिने पगार नाही, आणि जहाज सोडून उतरताही येत नाही. २०२४ मधे असे जे खलाशी वाऱ्यावर सोडले गेले त्यात सगळ्यात जास्त भारतीय होते, असं त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयटीएफने, सांगितलंय. त्याच वर्षी, ज्या वर्षी आपण पुरस्काराच्या बातमीने खूश झालो. मला ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवताना राग येतो. शौर्याचा पुरस्कार द्यायचा आणि पगार बुडाला तर दाद मागायला त्यांनी कुठे जायचं हे कोणी सांगायचं नाही, हे चालणार नाही. म्हणून कार्यक्रमात एक भाग असाही ठेवलाय की मुलगा जहाजावर पाठवायच्या आधी आईवडिलांनी काय बघावं. भरतीचा एजंट शिपिंग महासंचालनालयाकडे नोंदलेला आहे का, करारावर काय लिहिलंय, जहाज कोणाचं आहे. आमच्या बाजूच्या गावांमधून खूप मुलं जातायत आता, शेत विकून, कर्ज काढून कोर्स करतात, आणि त्यांना हे सांगणारं कोणी नाही.

जे परत आले नाहीत त्यांचंही नाव घ्यायचं ठरलंय. मार्लिन लुआंडानंतर सव्वा महिन्याने, ६ मार्च २०२४ ला, त्याच आखातात ट्रू कॉन्फिडन्स नावाच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, त्यात तीन खलाशी गेले, दोन फिलिपिन्सचे, एक व्हिएतनामचा. उरलेले २१ जण लाइफबोटीत आणि राफ्टमधे होते, त्यांना आपल्या आयएनएस कोलकाताने काढलं, जखमींवर डॉक्टरांनी उपचार केले, जिबूतीला पोचवलं. त्या २१ मधे भारतीय एकच होता. ताई म्हणाली, त्या तिघांसाठी आपण एक समई लावू, कुठले का असेनात.

तर आता कार्यक्रम पक्का आहे. ५ एप्रिल, संध्याकाळी, बाड्यापासून चालत येण्यासारख्या अंतरावर हॉल मिळालाय. लॉयल्टी जहाजाची गोष्ट काका स्वतः सांगणार आहेत, त्यांनी बसून सगळं वाचून काढलंय. फायर ब्रिगेडचे दोघे येतो म्हणालेत, फक्त ड्यूटी असली तर मधूनच उठून जावं लागेल म्हणाले, मी म्हटलं खुशाल जा. भाचा तेव्हा जहाजावर असेल, त्याच्या वतीने ताई बसेल. यादीत आत्तापर्यंत जी नावं आलीत त्यात दोन ऑफिसर, एक कॅडेट आणि बाकी सगळे रेटिंग, म्हणजे ऑफिसर नसलेले खलाशी आहेत. लश्कर, मुरार, हजीरा, थाटीपूर, डबरा, मुरैना, कुठलंही चालेल, मराठी असायला हवं असं काही नाही. तुमच्या घरातलं, शेजारचं, ओळखीचं कोणी जहाजावर असेल तर नाव आणि तो जहाजावर काय काम करतो एवढं कळवा. एबी, ओएस, फिटर, वायपर, कुक, मेसमन, जे असेल ते तसंच लिहा. स्टेजवरून नाव वाचताना काम पण वाचणार आहोत.